पत्र्यापलीकडची शिटी

आबा, आज लोखंडी पत्र्याच्या पलीकडून शिटी ऐकू आली! प्रयोगशाळेतून आले ती थेट लिहायलाच बसले.

तुम्ही सुरतेत उधन्याला कापड रंगवायच्या कारखान्यात टाक्या धुवायचात. मी नववीत होते. तुम्ही आत उतरलेले असताना कुणीतरी टाकी रिकामी समजून झाकण लावलं. बाहेर काढून ठेवलेल्या तुमच्या चपला कामावरच्या जोडीदाराला दिसल्या, म्हणून वाचलात. अजून डोळ्यांसमोर आहे: घरी येऊन तुम्ही चुलीपाशी बसता, आईचा भाकरी थापणारा हात थांबतो. तुम्ही सांगता, "कितला बोंबलनू! मना आवाज मनाच कानमा परत येत व्हता." मी विचारते, "पत्रा तर एवढा पातळ, मग बाहेर का नाही ऐकू आलं?" तुम्ही चिडता. "मले काय विचारस? शाळामा विचार!" मी खरंच विचारलं. बाई म्हणाल्या, आवाज पत्र्यावर आपटून माघारी फिरतो. ते माघारी फिरणं माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

आता मी इथेच सुरतेत इंजिनियरिंग कॉलेजात शिकवते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तसे पोकळ डबे आम्ही बनवलेत. एक पत्र्याच्या आतून, एक बाहेरून, दोन्हींचा घुमण्याचा सूर एकच. त्या सुराची शिटी वाजली की आतला डबा घुमतो, पत्रा अगदी सूक्ष्म थरथरतो, आणि बाहेरचा डबा त्या थरथरीचा पुन्हा आवाज करतो. पत्र्याला भोक नाही, तार नाही! सात महिने बाहेर नुसती खरखर ऐकली. आज माझी सहकारी पत्र्याच्या बंद पेटीला कान लावून बसली होती. आत छोट्या यंत्राने शिटी वाजवली आणि ती किंचाळलीच, "संभळायुं! संभळायुं!" ऐकू आलं म्हणून आम्ही दोघी लहान पोरींसारख्या नाचलो. बोलणं अजून जात नाही आबा, एकच सूर जातो. पण टाकीत अडकलेल्या माणसाला एक सूर पुरे.

मग विभागप्रमुखांनी विचारलं, "ही कल्पना सुचली कशी?" मी म्हणाले, "माझे वडील रंगाच्या टाक्या धुवायचे. एकदा आत अडकले होते."

आता तुम्ही नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. आजवर कुणी "वडील काय करायचे?" असं विचारलं, की मी तुम्हाला सुपरवायझर करून टाकायचे.