पूजेतल्या घोड्या

सोलापूर,
खंडेनवमी, १ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मायाक्का हिला आण्णाचा आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः कुरकुरत नाही. यंदाच्या पावसानं रानात अजून पाय ठरत नसेल, तेव्हा ज्वारीच्या पेरणीची घाई करू नका. येडूला ओल्या अंगणात कुबडी जपून टेकवायला सांग. खालचं रबर झिजलं असेल तर कळव, नवं पाठवतो.

फोनच केला असता. पण फोनवर तू मध्ये बोलतेस, मग मी गप्प होतो, आणि तू म्हणतेस, "बरं आण्णा, ठेवते." वर्षभर असंच झालं. म्हणून कागद घेतला.

रविवारी तू विचारलंस, "रुद्रप्पानं निरोप धाडलाय. येडूला स्पेअर पार्ट विकायच्या खिडकीवर बसून काम देतो म्हणतोय. त्या मुडद्याच्या दुकानात नवऱ्याला परत धाडू का नको? तू म्हणशील ते." तू म्हणशील ते, हे शब्द तीन दिवस मला टोचताहेत. उत्तर देण्याआधी गेल्या वर्षीची ती सकाळ पुन्हा सांगतो. आजवर सांगितली तशी नाही.

गेल्या खंडेनवमीला मी नेहमीसारखं सात वाजता रुद्रप्पाचं गॅरेज उघडलं. पाने, पकडी, हातोडे डिझेलनं धुतले, पुसले, पाटावर ओळीनं मांडले. मग चार घोड्या धुतल्या. तुला घोडी म्हणजे काय ते कधी नीट सांगितलं नाही. जॅक गाडी उचलतो, पण त्याच्या जिवावर माणसानं खाली शिरायचं नसतं. उचललेली गाडी ज्या तीनपायी लोखंडी स्टँडवर टेकवतात ती घोडी. अठ्ठावीस वर्षांत मी घोडीशिवाय एकाही गाडीखाली गेलेलो नाही. येडू लग्नाआधीपासून माझ्या हाताखालचा. त्यालाही पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

दहाच्या सुमाराला ती गाडी आली. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घरच ते. आत पलंग, मोरी, शेगडी, टीव्ही, पाण्याची टाकी. मुबीन वेल्डरनं बघताच नाव ठेवलं, "महाल आया रे!" तेच नाव तिला चिकटलं. मालक पुण्याचा. अर्धी चड्डी, कपाळावर काळा चष्मा. मी "ही बस..." म्हणालो तर लगेच सुधारलं, "बस नाही हो. मोटरहोम." खालच्या शाफ्टचा जॉइंट तुटला होता. "संध्याकाळपर्यंत हंपीला पोचायचंय आम्हाला," म्हणाला. घर बरोबर घेऊन फिरणाऱ्या माणसाला पोचायची कसली घाई, हे मला आजही कळलेलं नाही.

रुद्रप्पा जॅक आणायला निघाला तर हा हसला. "जॅक कशाला? हिला स्वतःचे चार पाय आहेत." बटण दाबलं. गाडीच्या पोटातून चार पाय खाली आले आणि महाल वर उचलला गेला. रुद्रप्पा जत्रेतला हत्ती बघावा तसा बघत राहिला. ते पाय कशाला असतात, मायाक्का? मुक्कामाला गाडी डुलू नये, कपातला चहा सांडू नये, एवढ्यासाठी. त्यांच्या भरवशावर कुणी खाली जाऊ नये, असं गाडीच्या पुस्तकातच छापलेलं आहे. पंचनाम्यात ते पुस्तक निघालं. त्याचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. ज्याला स्वतःच्या घराचे पाय कशासाठी आहेत ते वाचायला सवड नाही, तो दुसऱ्याच्या नवऱ्याला त्या घराखाली जायला सांगतो. त्यानं वर्षभरात मला अकरा वेळा फोन केला. गाडीच्या काचेला तडा गेलाय का, हेही विचारलं. येडूचं नाव एकदाही विचारलं नाही.

आणि रुद्रप्पा. या माणसाचं सगळं ज्ञान एका वाक्यात बसतं, "आजवर काय झालंय?" चाकाला ठोकळा लाव म्हटलं की, आजवर काय झालंय. पावसानं जमीन भुसभुशीत झालीय, फळी टाक म्हटलं की, आजवर काय झालंय. दुकानाचं अंगण नाल्याकडं उतरतं. महालाचा मागचा एक पाय जमिनीला टेकेना. रुद्रप्पानं कुंपणाच्या भिंतीतून दोन विटा उपसल्या आणि त्या पायाखाली सरकवल्या. विटा! सात टनांच्या गाडीखाली! मातीची भाजलेली वस्तू, हातातून पडली तर फुटते. त्या विटा फुटल्या, पाय घसरला, महाल तिरपा खाली आला आणि येडूची कंबर त्याच्याखाली सापडली.

इथपर्यंत तुला पाठ आहे. मीच सांगितलं. पोलिसांनाही सांगितलं, दुकानात चार घोड्या होत्या, रुद्रप्पानं वापरल्या नाहीत. शब्द न् शब्द खरा आहे. खाली सही माझी आहे. सही करताना रुद्रप्पा शेजारच्या बाकावर बसून पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

त्या चार घोड्या कुठं होत्या, हे मात्र मला कुणी विचारलं नाही. तूही नाही.

त्या माझ्या पूजेत होत्या. हळदकुंकू लागलेलं, झेंडूचा हार घातलेला. तुला आपल्याकडची रीत माहीत आहे. नवमीला पूजेत बसवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. बाबा कुऱ्हाड पूजेत ठेवायचे तेव्हा शेरडांना पालाही हातानं मोडून आणायचे. विटा उपसायच्या आधी रुद्रप्पा माझ्याकडं आला होता. आरडाओरडा न करता, साधेपणानं.

"बिभीषणा, दोन घोड्या दे की."

"पूजेतलं हत्यार उद्या उठतं. आज हात लावायचा न्हाय."

"अरे, नारळ फुटलाय, पूजा झाली की! काम झालं की पुना ठेवू. देव काय मोजत बसलाय व्हय?"

"मालक तुमी दुकानाचं," मी म्हणालो. "पूजेचं न्हाय."

मुबीन खो खो हसला. "सेठ, आज तो बिभीषणभाई की चलेगी!" रुद्रप्पाचे कान लाल झाले. तो वळला आणि भिंतीकडं गेला. त्याला विटा उपसताना मी पाहिलं, मायाक्का. त्या कुठं लावणार, हे मला कळत होतं. आणि मला बरं वाटलं. आज सणाचं काम घेतलंस ना, आता बस, माझ्याशिवाय तुझं अडतं ते बघ, असं वाटलं. म्हटलं, घाबरून गाडी परत पाठवेल. यात भक्ती किती होती, ते वर्षभर पहाटे देवापुढं बसून चाळून पाहिलं. चाळणीत काही उरलं नाही. देवाला मी त्या दिवशी कुंपण केलं होतं, रुद्रप्पानं आत येऊ नये म्हणून.

अजून एक आहे. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

येडू माझ्याकडं आला. पाना हातात, बाह्या सावरलेल्या. म्हणाला, "आण्णा, मालक खाली जा म्हणत्यात. जाऊ का?" पूजा झाली होती, तरी मी पुन्हा आरतीची घंटी वाजवत होतो. एक शब्द बोललो असतो तरी तो थांबला असता. माझा शब्द त्यानं कधी ओलांडलेला नाही. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. घंटी वाजवतच राहिलो. तो थोडा वेळ थांबला, मग गेला.

त्यानंतरचं ऐक. महाल खाली आल्यावर येडूला बाहेर काढायला गाडी पुन्हा उचलून धरायला हवी होती. कशानं धरली असेल? त्याच चार घोड्यांनी. मीच धावत जाऊन आणल्या. हार तुटला, उदबत्ती पायाखाली गेली, नारळाच्या वाट्या लवंडल्या. देव काही कोपला नाही. सव्वाअकरा वाजता जे हात लावायला पाप होतं, ते साडेअकराला एका माणसाच्या ओरडण्यानं पुण्य झालं. अशा भक्ताला काय म्हणायचं, ते तू ठरव. मी रुद्रप्पाला मूर्ख म्हणत आलो. तो मूर्ख आहेच. पण त्याला विटेचा धोका कळत नव्हता. मला कळत होता.

तो वर्षभर गप्प राहिला. तू दवाखान्याच्या दारात त्याला मुडद्या म्हणालीस, त्याच्या पोराबाळांचं वाईट चिंतलंस, आणि मी शेजारी उभा होतो. तो फक्त माझ्याकडं बघत होता. "याला विचार," एवढं त्यानं म्हटलं असतं तरी पुरे होतं. म्हणाला नाही. याचाच मला जास्त राग आला. ज्याला आपण आयुष्यभर आपल्याहून हलका समजलो, त्यानं आपलं झाकावं, यासारखं जळजळीत काही नाही.

आणि येडूही गप्प राहिला. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी तू चहा आणायला खाली गेलीस, तेव्हा त्यानं माझा हात धरला. मला वाटलं, आता विचारणार. तो म्हणाला, "आण्णा, घोड्यांचं तिला सांगू नगा. तिला म्हायेर एकच हाय."

हे ऐकून मी काय केलं? "बरं," म्हणालो. आणि वर्षभर तुझ्या घरी भाकरी खाल्ली.

आता तुझ्या प्रश्नाचं. येडूनं त्या दुकानात यावं का, हे सांगायचा मला अधिकार नाही. तो आणि तू मिळून ठरवा. फक्त ठरवताना एवढं धर, की त्या दुकानात मुडदे दोन आहेत, आणि त्यातला एक गेल्या भाऊबीजेला तुझ्याकडून ओवाळून घेऊन आला.

महाल अजून अंगणाच्या कोपऱ्यातच आहे. आधी पोलिसांनी ठेवला, मग मालक आणि विमावाले एकमेकांना कागद पाठवत बसले. टपावर चिमण्यांनी घरटी केलीत. नवा जॉइंट आणून ठेवलाय, पण वर्षभर त्याच्याखाली कुणी गेलेलं नाही. मीही नाही.

आज सकाळी आंघोळ करून दुकानात आलो. पाट मांडला, पाने मांडले. घोड्या मांडल्या नाहीत. चारही घेऊन कोपऱ्यात गेलो. रुद्रप्पा पायरीवर बसला होता. म्हणाला, "आज काम बंद हाय न्हवं?"

"घोड्यांचं न्हाय," मी म्हणालो.

आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले. जॅकखाली जाड फळी टाकली, गाडी उचलली, सांगाड्याखाली चार घोड्या बसवल्या, आणि जॅक उतरवून सगळं वजन त्यांच्यावर दिलं. बाहेर उभं राहून खांद्यानं गाडी ढकलून पाहिली. मुबीनलाही ढकलायला लावलं. "पहाड है भाई," तो म्हणाला. मग त्या घोड्यांना, गाडीखाली, वजनासकट, हळदकुंकू वाहिलं. हार घातला. नारळ तिथंच फोडला. आणि उताणा होऊन आत शिरलो.

सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर येडूचा पाना तसाच होता, गंजलेला. त्यानं चार बोल्ट सैल करून ठेवले होते, काढायचे राहिले होते. जुना जॉइंट काढला, नवा बसवला, ते चार बोल्ट त्याच्याच पान्यानं आवळले. घंटा-दीड घंटा लागला. घोड्या तसूभर हलल्या नाहीत. बाहेर आलो तेव्हा पाठीला माती आणि कपाळाला हळद लागली होती. रुद्रप्पा पायरीवरून उठून जवळ आला होता.

इथवरचं पत्र मी दुपारी त्याला आणि मुबीनला मोठ्यानं वाचून दाखवलं. रुद्रप्पानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "वीट मी लावली, त्ये खोडू नगो."

खोडलं नाही. मी न दिलेल्या घोड्याही खोडल्या नाहीत. पाना या पत्राबरोबर पाठवतो आहे, येडूच्या हातात दे. मुबीन आज तुमच्या गावावरून जाणार आहे, तो आणून देईल. त्याला चहा पाज. माझं काय करायचं ते सावकाश ठरव.

आण्णा म्हणशील तर आण्णा,
नाहीतर नुसता
बिभीषण