पाचव्या शीलापाशी

प्रिय धम्मपाल,

सप्रेम जयभीम. फोन असताना आई पत्र कशाला लिहिते, असं तू सुमेधाला म्हणशील. फोनवर आबांचं नाव निघालं की तुला नेमकी मीटिंग आठवते, म्हणून लिहिते. कागद मध्येच कट करता येत नाही. फार तर रागाने बाजूला ठेवशील आणि मग परत उचलशील, तेवढी मी तुला ओळखते.

बुद्धपौर्णिमेला कोलशेतच्या नव्या घरात वंदना ठेवली आहेस हे कळलं, तशी मी ओल्या हातानेच शेजारच्या रतनला सांगून आले. सुमेधाने पाठवलेला खिडकीतला फोटो आबा कितीतरी वेळ मोठा करून बघत होते. त्याच बाजूला त्यांचा कारखाना होता, आता तिथे टॉवर उभे आहेत. गेट कुठे असेल ते त्यांनी मला बोटाने दाखवलं, मग फोन परत दिला आणि गवार मोडायला बसले. तू त्यांना बोलावलेलं नाहीस हे त्यांना माहीत आहे. तुझी अट मात्र माहीत नाही. "सगळ्यांसमोर पाचवं शील बोलणार असतील तरच आण त्यांना," असं तू मला म्हणालास, ते मी त्यांच्या कानावर घातलेलं नाही. का, तेच सांगायचं आहे.

वंदनेला बसलं की पुढचा सांगतो आणि आपण मागून म्हणतो. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, आणि पाचवं, दारू पिणार नाही. लहानपणापासून तू बघत आलास, आबा चार शीलं खणखणीत म्हणायचे आणि पाचव्याला ओठ मिटून घ्यायचे. मागच्या रांगेत पोरं खिदळायची. कमिटीवाले घरी येऊन सांगून गेले की नुसतं म्हणायला काय जातं, बाकीच्यांची शिस्त बिघडते. वस्तीतले निम्मे पुरुष पाचवं शील म्हणून थेट गुत्त्यावर जायचे, त्यांना कुणी हटकलं नाही. आबा एवढंच म्हणाले होते, "जे पाळत नाही ते तोंडाने कशाला म्हणू?" तुला तो उर्मटपणा वाटला. अजून वाटतो.

तुझं दुःख मी कमी लेखत नाही. दहावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी त्यांना पुलाखालून उचलून आणणारा तूच होतास. तुझ्या लग्नात सगळा मांडव पंचशील म्हणत होता आणि नवऱ्याचा बाप तेवढ्याला गप्प, वर तोंडाला वास. सुमेधाच्या माहेरच्यांसमोर तुझी मान खाली गेली आणि त्यानंतर तू शहाडला आपल्या घरी पाऊल ठेवलं नाहीस. ते विसर, असं मी कधीच म्हणणार नाही. मीही काही विसरलेले नाही, माझी आठवण तर तुम्हा दोघांपेक्षा पक्की आहे.

पण तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही. आधी त्यांनी फक्त पौर्णिमेच्या दिवशी पिणं थांबवलं. मला हसूच आलं, महिन्याचा एक दिवस म्हणजे काय मोठा तीर मारला. मग अमावास्या, अष्टमी. मग एका वर्षावासात, विहारात रोज ग्रंथवाचन चालतं ते तीन महिने, ते कोरडे राहिले. अश्विन पौर्णिमेला समारोपाची खीर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी झिंगून आले. मी ताट वाढलं नाही. सकाळी तसंच ठणकणारं डोकं घेऊन ते विहार झाडून आले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच तीन महिने आणि वर थोडा हिवाळा. मग त्यांचा कारखान्यातला सोबती धोंडीबा वारला, आणि सगळं मुसळ केरात.

त्या वर्षी वर्षावासाला आलेल्या भन्तेजींकडे मी गाऱ्हाणं नेलं. ते म्हणाले, तव्यावर साठलेला थर एका घासण्यात निघत नाही, आणि निघाला नाही म्हणून तवा कुणी फेकून देत नाही. वर मलाच म्हणाले, दहा पारमितांमधली क्षांती तुम्ही धरा, न चिडता वाट बघायला शिका. मी तणतणत घरी आले. दारू सोडायची यांनी आणि पारमिता साधायची मी, हा कुठला न्याय? पण खरं सांगते धम्मा, वाट बघता बघता माझाही स्वभाव जरा निवळला. आता मी भांडते, पण टोमणे मारत नाही. आबा म्हणतात, हा त्यांच्यापेक्षा मोठा चमत्कार आहे.

पिणं नेमकं कधी सुटलं ते मला सांगता येणार नाही. एकदा कपडे भिजवताना लक्षात आलं की त्यांच्या शर्टाचा वास घेऊन बघायचं मी केव्हाच सोडलं आहे. मी तिथेच मोरीत बसून रडले. तरी विहारात पाचव्याला त्यांचे ओठ मिटलेलेच. मी म्हटलं, आता तरी म्हणा. तर म्हणाले, आज प्यायलो नाही एवढंच मला ठाऊक आहे, तू जरा थांब. म्हणून मी तुझी अट त्यांना सांगितली नाही. तुझ्या दारात उभं राहायला मिळावं म्हणून त्यांनी ते शील म्हटलं असतं, तर मग वस्तीतल्या त्या बाकीच्यांत आणि त्यांच्यात फरक काय राहिला असता?

आता हे पत्र लिहायला का बसले ते सांगते. परवा चैत्र पौर्णिमेची वंदना होती. विहाराच्या पायऱ्यांवर रतनने चारचौघांत त्यांना विचारलं, धम्मपालच्या घरभरणीला जाताय ना? आणि आबा म्हणाले, "हो तर. त्याचा स्वतःचा फोन आलेला." मी शेजारीच उभी होते, चप्पल काढत. आम्ही आत जाऊन बसलो. तीन शीलं त्यांनी नेहमीसारखी म्हटली. चौथ्याला गप्प. मला वाटलं, ठसका लागला असेल. आणि मग पाचवं आलं आणि ते म्हणाले. शब्द न् शब्द, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळून बघायला लागल्या. घरी येऊन मी चहा टाकला. चहा पिताना तेच म्हणाले, "आत्ताच खोटं बोललो होतो ना पायरीवर. मग चौथं कसं म्हणणार?" पाचव्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही. बोललेलं खोटं मागाहून खरं होत नाही, एवढं मलाही कळतं रे. पण माझ्या नवऱ्याने इतक्या वर्षांत हे एकच खोटं बोललेलं मला माहीत आहे, आणि ते तुझ्या फोनचं आहे. तो फोन कर. संध्याकाळी विहारात जायच्या आधी ते घरीच असतात. माझ्या नंबरवर नको करू, त्यांच्या नंबरवर कर.

तुझ्या उत्तरासाठी न चिडता थांबलेली,
तुझीच आई