खटपट्याची खोली

४ मार्च

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा तुझ्या काकाने मोठ्याने वाचून दाखवलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शोधलेलं पाणी गाळायचं कापड आता तुम्ही स्वतःची कंपनी काढून विणणार, आणि तेही आपल्या बंद गिरणीत! काका म्हणाला, घरातली घड्याळं उघडून ठेवणारं कार्टं शेवटी गावाच्या कामी आलं.

गिरणीला कुलूप लागल्यापासून इथे घरोघरी म्हातारेच उरलेत. तू येणार म्हणून मी तुझी खोली रंगवून घेतली, टेबल खिडकीपाशी सरकवलं. कधी येतोस तेवढं कळव. आता धीर धरवत नाही रे.

तुझी आई

१९ एप्रिल

ती. आईस शि. सा. नमस्कार.

यंत्रं पुढच्या महिन्यात येतील. जुने विणकर आणि पोटासाठी बाहेर गेलेली त्यांची मुलं, सगळ्यांना निरोप धाडलेत.

पुढचं कसं लिहू कळत नाही. आई, मी येत नाहीये. कापडावरचा लेप अजून इथेच सुधारायचाय, आणि मी प्रयोगशाळा सोडली तर विद्यापीठ हे कापड विणायची परवानगी काढून घेईल. मी इथे राहिलो तरच कारखाना तिथे उभा राहतो. खोली रंगवल्याचं वाचलं आणि घास उतरेना. रागावलीस तरी चालेल, लोभ तेवढा पातळ करू नकोस.

तुझा खटपट्या

२ जुलै

चि. खटपट्यास आशीर्वाद.

रागावलेच होते, म्हणून उशीर. गिरणीचा भोंगा पुन्हा वाजू लागलाय. शेजारणीचे दोन्ही मुलगे परत आले. भेटली की ती तुझं कौतुक करते आणि मी हसते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आपल्याच घरी. तुझी आठवण येते रे, फार येते.

तुझी खोली कंपनीतल्या इंजिनिअर मुलीला दिली. लांबून आलीय बिचारी. तुझ्यासारखीच टेबलभर स्क्रू पसरून ठेवते. मी ओरडते, पण आवरत नाही. राहू देत तसेच.

परवा तिच्या आईचा फोन आला. पोरगी कामावर होती, म्हणून मीच बोलले. त्या विचारत होत्या, आमची मुलगी घरी कधी येणार हो? मी एवढंच सांगितलं, की वेळेवर जेवते.

तूही जेवत जा.

तुझी आई