आपल्या हाताकडे

दि. ३ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्यास,
खटपटीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्रास कारण, तू पडलीस आणि आम्हाला कळवलं नाहीस! शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंनी लिहिलं तेव्हा समजलं की न्हाणीघरात घसरलीस आणि त्या येईपर्यंत तशीच जमिनीवर बसून होतीस. वर त्यांनाच दम भरलास की भाचीला कळवलंत तर याद राखा. आत्या, पुरे झालं आता एकटीनं राहणं.

मागे मी तुला इकडे राहायला बोलावलं, तेव्हा तू म्हणालीस की दादाची गाडी माझ्या दारात येईल त्या दिवशी निघेन, त्याआधी नाही. बाबा गेल्यापासून व्हॅन शेडमध्ये पडून आहे, ती कसली येतेय, असं तुला वाटलं असणार. पण मी शब्द पकडलाय. नवी बॅटरी घातली, पेट्रोलची टाकी धुतली, आणि बाईसाहेब चक्क सुरू झाल्या! फक्त खोकतात फार. म्हणून इंजिनाचे स्पार्क प्लग बदलायला घेतले. तीन निघाले. चौथा, अगदी मागचा, असा रुतून बसलाय की आम्ही दोघं नवराबायको पान्याला लोंबकळलो तरी ढिम्म हलत नाही.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, जोर केलात तर आतच तुटेल, त्यापेक्षा गाडी भंगारात द्या. तेव्हापासून मी त्या माणसाशी बोलत नाही. बाबा नाहीत, आता विचारायचं तर तुलाच. तुम्ही दोघांनी मिळून आयुष्यभर गॅरेज चालवलंत. सांग कसा काढू.

लोभ आहेच, तो वाढव, आणि न्हाणीघरात जपून जा.

तुझी,
खटपटी


दि. ९ नोव्हेंबर

चि. खटपटी हिस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या काकूंच्या पोटात काही म्हणून राहत नाही. मी जरा घसरले, एवढंच. कंबर शाबूत आहे आणि जीभही, हे तुला पुढे कळेलच.

पान्याला लोंबकळलात? शाबास! दादानं हे ऐकलं असतं तर तुम्हा दोघांना शेडबाहेर उभं केलं असतं. अगं, तो प्लग आहे, रस्सीखेच नव्हे.

आता नीट वाच. आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवा मारून उडव, नाहीतर सगळी आत जाईल. बाकीचे तीन बसवून इंजिन थोडं चालव, खोकेना का. हाताला सोसेल इतकं गरम झालं की बंद कर. मग गंज सोडवणारं तेल प्लगच्या बुडाशी सोड आणि रात्रभर त्याच्याकडे फिरकू नकोस. तुला हेच जमणार नाही, मला माहीत आहे. सकाळी पुन्हा तसंच कोमट करून, लांब दांड्याचा पाना सरळ बसवून, हळूच आपल्या हाताकडे फिरव. करकरला तर थांब, थोडा मागे घे, पुन्हा तेल दे. एकदम ओढलास तर भोकातले आटे घेऊनच बाहेर येईल, आणि मग तो गॅरेजवाला खरा ठरेल. ते मला खपणार नाही.

खरं सांगू? लिहायला बसले तेव्हा मनात आलं होतं, कळवून टाकावं की असा प्लग निघत नसतो, नाद सोड. म्हणजे मी इथे सुखानं राहायला मोकळी. पण कामाचं खोटं सांगायला हात धजेना. पंचाईत आहे माझी. तुमच्याकडे येऊन मी करू काय? कोपऱ्यात बसून चहाची वाट बघू? इथे निदान मी दिवसभर काय करते, ते मला कुणी विचारत नाही.

आणि हुरळून जाऊ नकोस. गाडी आणलीस तरी दारात कशी आणशील? मोठं फाटक दादा गेल्यापासून उघडलेलं नाही, कडी गंजून बसलीय. मी बाजूच्या छोट्या दारानंच ये-जा करते. गाडी रस्त्यावर उभी राहिली तर ती दारात आली असं मी धरणार नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहे, ती पत्रात मावत नाही.

तुझी,
आत्या


दि. १७ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

निघाला! निघाला गं आत्या, आट्यांसकट नव्हे, एकटाच, अख्खा!

पण कसा, ते ऐक. तू सांगितलंस तसं सगळं केलं. रात्रभर मी शेडकडे फिरकले नाही, म्हणजे दोनदाच गेले. सकाळी तुझ्या पत्राला तेलकट हात नकोत म्हणून ते मी वाचत होते आणि पाना तुझ्या जावयांच्या हातात होता. मी वाचलं, हळूच आपल्या हाताकडे फिरव. आता आपण दोघी डावखुऱ्या, आपला हात म्हणजे डावा, हे मला लहानपणापासून पाठ. त्या भल्या माणसाला काय ठाऊक? त्यांनी त्यांच्या हाताकडे, उजवीकडे फिरवला! मी किंचाळले की अहो, आवळताय तुम्ही, आणि तेवढ्यात आतून टक् झालं. मला वाटलं, संपलं, तुटला प्लग आणि गेली आत्या हातची. मी तिथेच डब्यावर बसून रडले.

मग डोळे पुसून पाना मी घेतला आणि नुसतं बघावं म्हणून डावीकडे जरा दाबला. तर तो फिरला! ते टक् म्हणजे गंज सुटल्याचा आवाज होता. त्यानंतर थोडा मागे, थोडा पुढे, तेल, असं करत बोटांनी उचलून बाहेर घेतला. नवा बसवला, आणि गाडी आता खोकत नाही, गुणगुणते.

कोपऱ्यात बसवायला तुला कोण बोलावतंय? शेड रिकामी आहे आणि मला अजून ब्रेक बघायचेत. आम्ही पुढच्या रविवारी पहाटे निघतो. फाटकाचं मला माहीत नाही. रस्त्यावर उभी राहून हॉर्न वाजवीन, तू येईपर्यंत वाजवीन, सगळी आळी गोळा झाली तरी चालेल. ये ना गं. मला तू हवीस.

तुझ्या मायेची हक्कदार,
खटपटी


दि. २१ नोव्हेंबर

चि. खटपटी हिस,
अ. उ. आ.

पत्र काकूंकडून दोनदा वाचून घेतलं. अक्षरं हल्ली मला मुंग्यांसारखी पळताना दिसतात, तुला सांगितलं नव्हतं. आता सांगते. जावईबापूंना म्हणावं, उजव्या हाताच्या माणसानं आमच्या गॅरेजला पहिल्यांदाच विसरलेलं काही आठवून दिलं. अडकलेलं आधी जरासं आवळावं, हे दादालाही ठाऊक होतं. तुला लिहायचं मीच विसरले.

ब्रेकना मी येईपर्यंत हात लावू नकोस. पान्यांची पेटी भरून ठेवली आहे, जड आहे, ती जावईबापूंनी उचलावी.

आणि हॉर्न वाजवू नकोस, लोक झोपलेले असतात. काल कडीला तेल सोडलं. आज सकाळी ती आधी आणखी आत ढकलली, टक् झालं, मग आपल्या हाताकडे ओढली. फाटक उघडं आहे. गाडी थेट आत घे.

वाट बघते.

तुझी,
आत्या