नोंदवहीप्रमाणे मी अद्याप तलावात असल्याबाबत

दि. ११ फेब्रुवारी

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
तलाव संरक्षण कार्यालय,
पहिला मजला, जिन्याला लागून असलेली खोली.

विषय : मी तलावातून बाहेर आलो आहे हे मान्य करून मला पुन्हा आत सोडण्याबाबत.

संदर्भ : मला तलावाबाहेर येण्याचा आदेश देणारी आपली नोटीस, जी मी माझ्या घरी बसून घेतली.

महोदय,

हा अर्ज मी कोरड्या जमिनीवर, शिवणयंत्राच्या फळीवर कागद ठेवून लिहीत आहे. आपल्या कार्यालयाची समज पाहता हे आधीच सांगितलेले बरे.

१. मी व्यवसायाने शिंपी असून कयाक परवाना क्र. ४ चा धारक आहे. तलाव पिण्याच्या पाण्याचा असल्याने त्याला कुंपण आहे, फाटक एकच आहे आणि एका वेळी एकाच होडीला प्रवेश आहे. हा नियम मला मान्य आहे. किंबहुना त्या तलावात दुसरे कोणी नसते म्हणूनच मी तेथे जातो.

२. गेल्या महिन्याच्या १६ तारखेस, गुरुवारी, मी सकाळी आत गेलो व दीड तासाने बाहेर आलो. दरम्यान आपल्या कार्यालयाने पानांना क्रमांक घालण्यासाठी फाटकावरील नोंदवही मागवून नेली होती. त्यामुळे माझे जाणे लिहिले गेले, येणे राहिले. नोंद त्याच वेळी व्हावी, मागाहून केल्यास ती खाडाखोड समजावी, असा आपला नियम आहे. अशा रीतीने मी सव्वीस दिवस तलावात आहे.

३. पुढच्या गुरुवारी होडी खांद्यावर घेऊन गेलो असता पहारेकरी म्हणाला, "तुम्ही आत आहात ना अजून! आधी बाहेर या, मग आत सोडतो." तो हसत नव्हता. आपल्याकडे अकलेची टंचाई फाटकापासूनच सुरू होते, हे मला तेव्हा कळले.

४. त्यानंतर, सात दिवसांत तलाव सोडावा अशी नोटीस घरी आली. ती मी स्वतः घेतली. आपल्या शिपायाने पोचपावतीवर शेरा मारला : 'संबंधित इसम तलावात असल्याने घरी हजर असलेल्या माणसाने स्वीकारली.' मग दोन कामगार मला शोधायला पाण्यात उतरले. त्यांची होडी फाटकातून आत ढकलायला बाहेरून मीच हात लावला. त्यांनी माझे वर्णन मागितले, तेही मी दिले. मी सापडलो नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे म्हणतात; आपल्या कार्यालयाला आरसा देऊनही कांकण दिसेल असे वाटत नाही.

५. आपणांस हा छंद वाटत असेल, म्हणून कारण लिहितो. माझी पत्नी तेरा महिन्यांपासून अर्धांगवायूने अंथरुणावर आहे. भरवणे, कूस बदलणे, पुसणे, सर्व मी करतो आणि मधल्या वेळात कपडे शिवतो. गुरुवारी मेहुणी दोन तास येऊन बसते. तलावाच्या मध्यावर वल्हे आडवे ठेवून बसलो की अर्धा तास माझ्याकडे कोणी काही मागत नाही. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. तीन गुरुवार बुडाले आणि परवा मी तिच्यावर प्रथमच ओरडलो. पाणी सांडले, एवढाच तिचा गुन्हा. त्याची मला फार लाज वाटते. आपणांस कशाचीच वाटत नसावी.

६. काल आपल्या मुख्य लिपिकांनी तोडगा काढला : मला बुडून मयत दाखवावे, पत्नीने संमती द्यावी, म्हणजे फाईल बंद होईल व परवाना वारस म्हणून तिच्या नावे करता येईल. "सगळ्यांचीच सोय होते," असे ते म्हणाले. जी बाई उशीवरून मान उचलू शकत नाही, तिला आपण होडी देऊ केलीत. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

तरी येत्या गुरुवारी मला आत सोडावे. आपणांस अर्ज वाचण्याचा कंटाळा असल्यास फक्त विषय वाचावा.

आपला, नियमापुरता नम्र,
(सही)
परवाना क्र. ४ चा धारक

सोबत :
१. नोटीस व पोचपावतीची प्रत.
२. मेहुणीचा जबाब, की मी दर गुरुवारी घरी परतलो आहे.
३. मुख्य लिपिकांनी दिलेला संमतीचा नमुना. तो मी पत्नीला वाचून दाखवला. तिचा उजवा हात चालत नाही. डाव्या हाताने, बराच वेळ घेऊन, तिने त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काट मारली आहे. ती सही समजू नये.