माळावरचा हिरवा दगड

प्रिय अण्णा,

हे पत्र संस्कृती तुम्हाला वाचून दाखवील. मोतीबिंदूचं तुम्ही दोन वर्षं आज-उद्या करताय, त्यामुळे दुसरा इलाज नाही. वाचताना घरात तुम्ही दोघंच असावं, असं मी लखनला बजावलंय. नात तुमची सोळा वर्षांची आहे, ऐकलेलं पोटात ठेवीन म्हणाली. फोनवर सांगितलं असतं, पण मी मुद्द्यावर आले की तुम्ही "बरं हाय, मायकडं देतो" म्हणून मोकळे होता. कागद असा मधेच मायच्या हातात देता येत नाही.

बुधवारी तुम्हाला संभाजीनगरला भरती करायचंय, गुरुवारी बायपास. डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय, काळजीचं काही नाही म्हणाले. मला काळजी दुसऱ्या कागदाची आहे. राधाकिशन काकांनी अदलाबदलीचा कागद करून ठेवल्याला दोन महिने झाले. त्यांच्या ओढ्याकाठच्या चार एकर काळ्या रानातले दोन एकर तुम्हाला, आणि आपल्या नऊ एकर माळातला रस्त्याकडचा तुकडा त्यांना. बीडला जाऊन एक सही करायची. तुम्ही तीनदा नाही म्हणालात. माय विचारून थकली की का म्हणून नको म्हणता, तर तुम्ही शेरडं सोडून माळावर निघून जाता. दोन एकर पाण्याखालचं रान हाताशी आलं तर लखनला आणि वहिनीला यंदा कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जावं लागणार नाही. दसरा झाला की मुकादम दारात येईल. सही व्हायची तर त्याच्या आधी व्हायला पाहिजे.

इथं माझं बरं चाललंय. मध्य प्रदेशात या दिवसांत सकाळी धुकं असतं. आमची तांब्याची खाण म्हणजे उलटी टेकडी समजा, पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलेली. रोज सुरुंगाची भोकं पाडतात, त्यातून निघालेला चुरा मी तपासते आणि कुठला दगड तांबं काढायला गिरणीत जाईल, कुठला टाकाऊ ढिगावर, ते सांगते. चुकले तर चांगला दगड ढिगावर जातो. महिन्यातून एखादवेळी चुकते. तेव्हा साहेब ओरडतात, मी वहीत चूक लिहून सही करते, विषय संपतो. मला ही पद्धत आवडते.

तुम्हाला कधीतरी नीट सांगायचं राहिलं की तांबं जमिनीत येतं कसं. खूप खोल वितळलेल्या दगडाचा तापलेला रस असतो. त्याच्या आसपासच्या भेगांत पाणी असतं, साधं नव्हे, खारट. ते उकळत्या पाण्याच्या कितीतरी पट तापतं, पण वरच्या दगडांचा दाब एवढा, की त्याची वाफ होत नाही. असलं पाणी दगडांतून फिरताना त्यांतला धातू कणाकणानं विरघळवून घेतं. मग वाट मिळेल तिकडून वर चढतं. वर आल्यावर निवतं, दाब कमी होतो, वेगळ्या जातीचा दगड भेटतो, आणि आत घेतलेला धातू त्याला धरवत नाही. साखरेचा पाक गरम आहे तोवर त्यात साखर दिसत नाही, निवला की कडेला खडे धरतात, तसं. हजारो वर्षं त्याच भेगांतून पाणी जात राहिलं, की पांढऱ्या गारगोटीत धातूची शीर तयार होते. इथला तांब्याचा दगड पितळेसारखा पिवळा असतो. हवापाण्यानं कुजला की मग हिरवा होतो.

आपल्या माळातूनही गरम पाणी गेलेलं आहे, ते खोटं नाही. आपला काळा पाषाण लाव्हारसाचा. तो थिजताना आत बुडबुडे राहिले, नंतर त्यांतून गरम पाणी झिरपलं आणि पांढऱ्या सुया न् हिरवा लेप मागं ठेवून गेलं. मात्र त्या पाण्यात तांबं नव्हतं. तो हिरवा रंग लोखंडाचा आहे, अण्णा. माळात तांबं नाही. विहिरीच्या तळाला नाही, त्याच्याखाली नाही, कुठंच नाही.

आता माझं ऐका. मी बीडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. सरांनी वर्गात तांब्याचा एक हिरवा दगड सगळ्यांच्या हातातून फिरवला होता. मला तेवढा एकच हिरवा दगड माहीत. सुट्टीत घरी आले तर तुम्ही माळावर विहीर खणत होता. वर आलेल्या ढिगात हिरवे चट्टे दिसले आणि मी हुशारी पाजळली. ही तांब्याची खूण आहे, म्हणाले. नखानं खरवडून दाखवलं. तुम्ही तो दगड धोतराच्या सोग्यात बांधला आणि कुणाला बोलू नको म्हणालात. मला लई भारी वाटलं होतं. घरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शिक्षणाचं काही ऐकून घेतलं होतं.

महिन्याभरानं वाटणी झाली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही आपल्याकडची रीत. तुम्ही दोन वाटे पाडलेत, इकडं काळं रान, तिकडं माळ. सुंदरराव पाटील बसलेले, चार पंच बसलेले. काका उचलणार तोच तुम्ही रीत मोडून म्हणालात की माळ मला ऱ्हाऊ द्या. मग पाटलांनी भर बैठकीत तुमच्या पाठीवर हात ठेवला. काका तर रडलेच. तेव्हापासून गावात कुठंही भावाभावांचं बिनसलं, की तुमचं नाव निघतं. आश्रुबासारखा भाऊ पाहिजे, म्हणतात. काका दर पाडव्याला पाया पडायला येतात आणि तुम्ही त्या दिवशी नेमके घरी नसता. माय म्हणते, सोभाव लाजरा हाय.

माझी चूक मला एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी कळली. दगडाची कागदासारखी पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. मी आपल्या विहिरीतला तुकडा मुद्दाम नेला होता, सगळ्यांना दाखवायला. मॅडमनी बघितलं आणि हा हिरवा लोखंडाचा म्हणून पुढच्या टेबलाकडं गेल्या. दोन मिनिटांचं काम. मी तेव्हाच घरी यायला हवं होतं. नाही आले. कारण तोवर मला दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्ही तुम्ही परत पाठवली होती. पोरीला दगड कळतात, शिकू द्या, असं तुम्ही मामांना तोंडावर सांगितलं होतं. मला दगड कळत नाहीत म्हटलं असतं, तर तिसरं स्थळ परत गेलं नसतं. म्हणून गप्प बसले. पुढं नोकरी लागली, पगार सुरू झाला, तेव्हा तर सांगायला काहीच हरकत नव्हती. तरी नाही सांगितलं. माझ्या शिक्षणापायी तुम्ही एकोणीस वर्षं नऊ एकर धोंडे राखलेत आणि लखननं त्यातली चौदा वर्षं दुसऱ्याचा ऊस तोडला. मला याची लाज वाटते. यापेक्षा चांगला शब्द मला सापडला नाही.

गेल्या रविवारी तुम्ही फोन केलात. स्वतःहून, जन्मात पहिल्यांदा. मला वाटलं ऑपरेशनची भीती वाटत असेल. तुम्ही म्हणालात, "योगे, मी गेल्यावर राधाकिशनला सांग. माळात तांबं हाय म्हणून मी माळ घेतला. लोक मला राम म्हणत्यात, पर म्या भावाला फशिवलं. आता त्याचं काळं रान बी कोणत्या तोंडानं घेऊ?" आणि फोन ठेवलात. म्हणजे ताठा नव्हता, लाजरा स्वभाव नव्हता, हे होतं. अण्णा, चोरी करायला त्या माळात काही नव्हतंच. तुमच्या मनात काय आलं होतं, ते तुमचं तुम्ही बघा, त्यावर मी बोलणार नाही. पण काकांच्या पदरात चांगलं रान पडलं आणि ते तुमच्यामुळे पडलं, यात बदल होत नाही.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुम्ही 'गेल्यावर सांग' म्हणालात आणि मी थांबले नाही. काल काकांना फोन करून सगळं सांगितलं, तुमचं आणि माझंही. रागवायचं तर माझ्यावर रागवा. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, मी बी त्या दिशी काळं रानच उचलणार व्हतो. दादानं माळ मागितला तवा जीव भांड्यात पडला माझा. रडलो ते त्याच्यानं. एकोणीस वर्सं कोणत्या तोंडानं सांगू म्हणून पाया पडतोय त्याच्या." बुधवारी ते सकाळीच निघणार आहेत, तुमच्या आधी दवाखान्यात पोचतील. कागद बरोबर आणताहेत, आणि पाया पडलेच तर ते त्यांच्या मनानं, मी सांगितलेलं नाही. या खेपेला कुठं निघून जाऊ नका.

तुमचीच, चुकलेली आणि चूक कबूल करणारी,
योगिता