चावणारे बूट

श्री
हिंगोली, ५ जानेवारी २०२६

चि. देवश्रीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू नांदेडहून पाठवलेला बुटांचा खोका काल मिळाला. उचलला तेव्हा वाटलं, पोरगी आत बूट ठेवायलाच विसरली. इतके हलके बूट मी जन्मात पाहिले नव्हते. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी भलतंच ऐकते, म्हणून पत्र लिहितेय. तूही पत्रानंच उत्तर दे, म्हणजे चार वेळा वाचता येईल.

आता सांग, दोन-दोन जोड कशाला? तहसीलमधून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी ते निळे बूट घालून रामलीला मैदानावर पळते. जाड सोल, रुंद पंजा, पायाला अगदी घरच्यासारखे झालेत. तुमच्या नांदेडच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत तेच घातले तर काय बिघडतं? तुझे नवे बूट मी कपाटात पैठणीशेजारी ठेवलेत, डांबराच्या गोळ्या घालून. शर्यतीच्या दिवशीच काढीन.

खोका उघडला, नव्या बुटांचा वास आला आणि मी थेट आपल्या गावी, गोरेगावात जाऊन पोचले. तुझे बाबा, म्हणजे आमचा विश्वंभरदादा, नववीत असताना सेनगावच्या शर्यतीला निवडला गेला होता. अप्पांनी त्याला पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. ते त्याच्या टाचा सोलून काढायचे. दादा वयानं मोठा, पण अंगानं बारीक. आमचा दोघांचा पाय एकाच मापाचा. आईनं मला सांगितलं, आठ दिवस तू घालून हिंड, म्हणजे मोकळे होतील. मी ते घालून गावामागच्या माळावर जायची. ठरलं होतं चालायचं, पण पाय आपोआप पळायला लागले. कुणाला सांगितलं नाही. मग शर्यत झाली, दादा तिसरा आला, बूट खुंटीला लागले आणि माझं पळणंही संपलं. मला कुणी नाही म्हटलं नव्हतं गं, कुणी विचारलंच नव्हतं. तरी ते दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो.

म्हणून एकदाच, छातीवर नंबर लावून, स्वतःच्या नावानं पळायचंय. साठी लागायच्या आत. गुडघे कुठवर साथ देतील, देव जाणे.

वेळेवर जेवत जा. आत्यावर माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी,
अनुसूयाआत्या

॥

नांदेड, १२ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

बूट पैठणीशेजारी ठेवलेत हे मी दवाखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. व्यायामोपचाराला आलेले पेशंट दुखणं विसरून हसले. आता हसून झालं, तर नीट ऐक.

निळे बूट रोजच्या मेहनतीचे. जड आहेत, पण जमिनीचा मार स्वतः खातात, गुडघ्यापर्यंत जाऊ देत नाहीत. नवे हलके आहेत, त्यात पाऊल पटकन उचलतं. पण रोज घातलेस तर पोटऱ्या धरतील आणि बूटही लवकर झिजतील. म्हणून दोन जोड. मात्र कोरे बूट घालून शर्यतीला जायचं नाही. ते लग्नाचं लुगडं नव्हे. आठवड्यातून एकदा थोडं अंतर त्यातही पळ. संध्याकाळी घालून बघ, दिवसभरानं पाय जरासा सुजलेला असतो. पुढं अंगठ्याएवढी जागा हवी. आणि टाचेला लागलेच, तर हट्ट न करता निळेच घाल. ते जपून ठेव.

कॅनव्हासच्या बुटांचं बाबा मला कधी बोलले नाहीत. मी तर त्यांच्या पायात चपलेशिवाय काही पाहिलेलं नाही. आई सांगत होती, तू पळणार हे कळल्यापासून ते पंचांग घेऊन बसलेत. तुझी मीन रास, साडेसाती चालू, त्यात बहीण पडली-झडली तर काय, ही काळजी. तू मनावर घेऊ नकोस.

तुझा लोभ आहेच, तो असाच मागून न घेता मिळत राहो.

तुझी,
देवश्री

॥

श्री
हिंगोली, ४ फेब्रुवारी २०२६

चि. देवश्रीस,
अनेक आशीर्वाद.

तू रागावणार आहेस, म्हणून आधीच सांगते, नवे बूट मी कपाटातून काढलेच नव्हते. नवं आणलेलं सणावाराच्या आधी अंगाला लावायचं नाही, ही आईची शिकवण. हाडातून जात नाही. पण आता जे झालं ते त्याहून वाईट.

शुक्रवारी तुझ्या आईला, अपर्णावहिनीला भेटायला गोरेगावला गेले. निळे बूट बरोबर नेले होते. शनिवारी सकाळी पळून आले, बूट ओट्यावर काढले आणि आंघोळीला गेले. तेवढ्यात तुझ्या बाबांनी ते पिशवीत घातले, शनीच्या देवळाबाहेर नेऊन ठेवले आणि मागे वळून न बघता घरी आले. मी शोधाशोध करतेय तर दादा हसऱ्या चेहऱ्यानं सांगतो की तुझी पीडा गेली, आता खुशाल पळ. जुने दिसत होते आणि नवे घरी आहेतच, असा त्याचा हिशेब. मी देवळाकडे गेले तोवर कुणीतरी नेले होते. ज्याला गरज त्यानं न्यावेत हीच रीत. ते परत मागताही येत नाहीत. माझं तोंड बघून दादाचा चेहरा पडला.

सोमवारी नवे घालून मैदानावर गेले. दोन फेऱ्यांत टाच सोलली. दुकानदार म्हणतो, निळ्यासारखा जोड आता येत नाही. रात्री मला रडू आलं, देवश्री. या वयात बुटांपायी रडणारी बाई तू कुठं पाहिलीस का? शर्यत बावीस तारखेला. नाव मागे घ्यायचं तर तू सांग, म्हणजे मला तुझ्यावर ढकलता येईल.

काल दादा अचानक हिंगोलीला आला. माझी टाच बघितली, चहा अर्धा ठेवला, आणि नव्या बुटांचा खोका काखेत मारून जीपनं परत गेला.

उत्तर लवकर पाठव. जीव तुझ्यात अडकलेला असतो.

तुझी,
आत्या

॥

श्री
गोरेगाव, १७ फेब्रुवारी २०२६

चि. अनुसूयास,
दादाचे आशीर्वाद.

महाशिवरात्रीची गर्दी आटोपली, आता देवळात जरा निवांत आहे. जीपवाल्याच्या हाती बूट पाठवतोय. घालून बघ.

तुझी टाच भरेपर्यंत बूट कोण घालणार? आपला पाय अजून एकाच मापाचा निघाला. रोज पहाटे, पूजेआधी, माळाच्या रस्त्यानं जाऊन येतो. मग बूट ओट्याखाली, आंघोळ, आणि देवळात. पहिले दोन दिवस मलाही चावले. तांड्यावरच्या रूपसिंगनं वाटेत अडवून विचारलं, की महाराज, तुमी काहून पळून राहिले, पोलीस भरतीत उतरता का. त्याला सांगितलं, बहिणीचे बूट मोकळे करून राहिलो. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी थोडा बरोबर चालला.

देवश्री फोनवर सांगते, दुसऱ्याच्या पायानं बूट बसत नसतो, शास्त्रात तसं नाही. तिला म्हटलं, असू दे.

खरं सांगायचं तर मला मजा येऊन राहिली. सेनगावच्या शर्यतीनंतर मी बूट पायात घातलेच नव्हते. सकाळी माळावर तीतर ओरडतात, ऊन कोवळं असतं. पाऊल हलकं पडतं. काल थोडा पळालोही, वहिनीला बोलू नकोस.

त्या माळावर गेलो की एक गोष्ट रोज आठवते. तुला कधी सांगितली नाही. ते पांढरे बूट दुसऱ्याच दिवशी मोकळे झाले होते. मी तुला बोलवायला माळाकडे आलो, तर तू वेण्या उडवत पळत होतीस. तसाच मागे फिरलो. घरी येऊन आईला म्हटलं, अजून चावतात, अनुला आणखी घालू दे. रोज तेच म्हणत राहिलो. शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत.

निळ्या बुटांचं जे केलं ते तुझ्या काळजीनंच केलं. पण विचारायला पाहिजे होतं, बराबर आहे.

सांभाळून पळ. राग राहिला असेल तर तो शर्यतीत संपव, बाकी माया घेऊन घरी ये.

तुझा,
दादा

॥

श्री
हिंगोली, २४ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शर्यत पुरी केली. माझ्यामागेही काही जणी होत्या, तेव्हा फार चौकशी करू नकोस. शेवटच्या वळणावर तुझं पत्र आठवलं आणि डोळे भरले, त्यामुळे घड्याळाची पाटी दिसलीच नाही. देवश्रीनं पोचल्या पोचल्या मला खाली बसवलं, मोजे काढून दोन्ही टाचा उजेडात धरून बघितल्या. साधा लाल डागही नव्हता. मी म्हटलं, शास्त्रात नसेल.

इतकी वर्षं मला वाटायचं, ते पळणं मी एकटीनंच पाहिलं.

बूट पुन्हा जीपवाल्याच्या हाती पाठवतेय. दादा, ते अजून चावतात. पुढच्या वर्षीची शर्यत यायला अवकाश आहे, तोवर रोज पहाटे घालत जा.

वहिनीला नमस्कार. लहान बहिणीवरचा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
अनु